हुकमात नसलेली येळवस

लोहा, ९ मार्च २०२४

अंगदराव,

ही वही तुमच्यासाठी नाही, प्रियदर्शनीसाठी आहे. तिच्या दप्तरातून ती तुमच्याकडं येईल आणि रविवारी तिच्याबरोबरच परत माझ्याकडं येईल. नांदेडच्या कोर्टातल्या समुपदेशक बाई काय म्हणाल्या ते तुम्हीही ऐकलं आहे. "तुम्ही दोघं फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडणावर येता. पोरीची शाळा, औषध, खाणंपिणं जे असेल ते वहीत लिहा. लिहिताना माणूस जरा थांबतो." मी थांबणाऱ्यांतली नाही हे त्यांना कोण सांगणार. पण हुकूम आहे, म्हणून लिहितेय.

पहिल्या पानावर हुकमाची झेरॉक्स चिकटवली आहे, कारण तुम्हाला कागद हरवायची सवय आहे. परिच्छेद तीन: मुलगी आईजवळ राहील. हा परिच्छेद तुम्ही रोज एकदा वाचलात तरी माझी हरकत नाही. परिच्छेद चार: महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहापासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत ती वडिलांकडं राहील, देणंघेणं अहमदपूरच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीसमोर. परिच्छेद पाच: दिवाळीची अर्धी सुट्टी आणि उन्हाळ्याचे वीस दिवस तुमचे. बस. याच्या बाहेर एक मिनिट नाही आणि याच्या आत मी एक मिनिट चुकणार नाही.

तुमच्या वकिलांनी भर कोर्टात विचारलं होतं, "एसटीत कंडक्टर असलेली बाई पोरीला सांभाळणार कधी?" तुम्ही खाली बघत होता. मी काय बोलले ते तुमच्या कानावरून गेलं असेल, म्हणून परत लिहिते. "साहेब, माझी गाडी नांदेडहून सुटली की पन्नास माणसं माझ्या भरवशावर लातूरला पोचतात. एक पोरगी मला जड नाही." न्यायाधीश साहेब हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं. 'आमच्या घरातली बाई बॅग लटकवून गाडीत उभी राहणार नाही,' असं म्हणून तुम्ही मला जी नोकरी सोडायला लावत होता, त्याच नोकरीकडं बघून पोरगी माझ्याकडं राहिली. हे मी एकदाच लिहिते. पुन्हा लिहिणार नाही, पण विसरणारही नाही.

दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मी नांदेड-लातूर गाडीचीच ड्यूटी मागून घेतली आहे. प्रियदर्शनी लोह्याला चढेल, माझ्या शेजारी बसेल. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते. अकराव्या मिनिटाला मी दोन घंट्या मारते, मग तिथं कलेक्टर धावत येत असला तरी.

तिला वांगं चालत नाही. रात्री पाय दुखतात, तेल लावावं.

उज्वला


लोहा, १३ जुलै २०२४

अंगदराव,

चार महिन्यांत तुम्ही सहा वेळा उशिरा आलात. गेल्या वेळी तर कहर झाला. गाडी मागं घेताना तुम्ही फाटकातून पळत येताना मला दिसलात. प्रियदर्शनी ओरडली, "आई, पप्पा!" ड्रायव्हर शिवप्पांनी आरशात माझ्याकडं बघितलं. मी दोन घंट्या मारल्या. मग तुम्ही मोटारसायकलवर आमच्या मागं चाकूरपर्यंत आलात. तिथं पोरगी सोपवली, वेळ दहा पंचावन्न. अख्खी गाडी खिडक्यांतून बघत होती आणि शिवप्पा पोट धरून हसत होते. ते उदगीरकडचे, त्यांना कशाचंही हसू येतं. मला नाही आलं.

तुम्ही वहीत लिहिलंत, 'अभ्यासिकेत पोरं थांबली होती, कुलूप उघडायला दुसरं कोणी नव्हतं, दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?' अंगदराव, लातुरातल्या दीडशे पोरांना सकाळी सहाला अभ्यासाला बसवणारा माणूस स्वतःच्या पोरीला दहाला पोचू शकत नाही, याला मी काय म्हणू? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. लग्नाच्या दिवशीही तुमची वरात दोन तास उशिरा आली होती. माझ्या बापानं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता चांगलं सांगते. प्रियदर्शनी तिसरीत गेली. नांदेड ते लातूर सगळे थांबे तिला तोंडपाठ आहेत, उलटेसुद्धा. परवा एका आजोबांना उतरायचं गाव आठवेना, तर तिनं दोन प्रश्न विचारून त्यांचं गाव शोधून दिलं. आजोबा म्हणाले, "कंडक्टरीन बाई, ही तुमच्याहून हुशार हाय." मी म्हटलं, "माझीच आहे." त्या दिवशी खाकी अंगात जरा जास्तच ताठ बसली होती.

दुसरं म्हणजे तिच्यासमोर माझ्या नोकरीला नावं ठेवू नका. पोरगी येऊन सगळं सांगते.

उज्वला


लोहा, २८ डिसेंबर २०२४

अंगदराव,

गेल्या वेळच्या पानावर तुम्ही आधी माझ्या आईची तब्येत विचारलीत. मग शिवप्पांची. मग थंडी किती आहे ते. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची तऱ्हा मला नवी नाही. शेवटच्या ओळीत भांडं निघालंच: 'सोमवारी येळवस आहे. पोरगी रविवारी पाचला परत न देता सोमवारची येळवस करून मंगळवारी सकाळी देतो. एकाच दिवसाचा प्रश्न आहे.'

नाही.

हुकमात दिवाळी आहे, उन्हाळा आहे. येळवस नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं. तुमच्या लातूर जिल्ह्यात त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतं, बाजारपेठ बंद, रस्ते ओस, लातूरकडच्या गाड्या रिकाम्या धावतात, हे कंडक्टरला कोणी शिकवायला नको. पण माझ्या हिमायतनगराकडं हा सण नाही आणि माझ्या हातातल्या कागदावरही नाही. आज तुम्हाला येळवस पाहिजे, उद्या गावची जत्रा, परवा भाच्याचं बारसं. एकदा दोरी सैल सोडली की गाठ राहत नाही.

तुमच्या आईंनी निरोप पाठवला म्हणे, "नात आल्याबिगर म्या कोपीत पाय ठिवनार न्हाई." कस्तुराबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, की हा निर्णय माझा नाही, कोर्टाचा आहे.

प्रियदर्शनी माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

उद्या पाच म्हणजे पाच.

उज्वला


लोहा, ११ जानेवारी २०२५

अंगदराव,

रविवारी पाच वाजून दोन मिनिटांनी पोरगी मिळाली. धन्यवाद.

सोमवारी ती शाळेत गेली नाही, पोट दुखत होतं. ओवा दिला. आता बरी आहे. तुम्ही लिहिलंत, 'आईनं कोपीत पाय ठेवला नाही. बांधावर बसून राहिली. पूजा बाबांनी केली.' वाचलं.

कोर्टात अर्ज करणार म्हणता, तर करा. घोडामैदान जवळच आहे. मी एकदाही चुकलेले नाही, एकदाही नाही. हाजिरीला, वेळेला, औषधाला, शाळेला. साहेबांना हेच सांगीन.

स्वेटर दप्तरात आहे.

उज्वला


लोहा, २८ सप्टेंबर २०२५

अंगदराव,

ही पानं तुम्हाला ११ ऑक्टोबरलाच मिळतील. तरी आज लिहिते, नाहीतर मी माझ्या सोयीनं विसरेन.

काल सकाळी तुम्ही माझ्या आईच्या फोनवर फोन केलात. "पावसानं रस्त्यावर पानी आलंय, आज पोरीला आणू नगा." लोह्याला पोरीला गाडीत चढवताना आई मला म्हणाली, "ते काही चुकीचं सांगून नाही राहिले, उज्वला. काहून नेतीस?" मी म्हटलं, गाडी सुटली आहे म्हणजे रस्ता चालू आहे. खरं कारण ते नव्हतं. चौथा शनिवार होता. दीड वर्षात एकही शनिवार न चुकलेली बाई मी. एकदा चुकले असते तर तुम्ही ते वहीत लिहिलं असतं, असं माझ्या मनात होतं. तुम्ही लिहिलंही नसतं कदाचित. मी मात्र नक्की लिहिलं असतं, म्हणून तुमच्याबद्दलही तसंच वाटलं.

अहमदपूरच्या अलीकडं चार किलोमीटरवर ओढ्याचा पूल पाण्याखाली गेला होता. शिवप्पांनी गाडी लांबच उभी केली. पलीकडच्या काठावर माणसांची गर्दी होती आणि पुढं तुम्ही. अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला, चपला हातात. तिथवर चालत आला होता म्हणजे. घड्याळात दहाला तीन मिनिटं कमी होती.

तुम्ही दोन्ही हात हलवत ओरडत होता. पाण्याच्या आवाजात आधी कळेना. मग कळलं. "माघारी न्या! उज्वला, पोरीला माघारी ने!"

एक शिवप्पा सोडले तर गाडीतल्या कुणालाच माहीत नव्हतं, की हा माणूस पंधरा दिवस वाट बघून आलेला आहे आणि 'माझी पोरगी परत न्या' म्हणून ओरडतोय. प्रियदर्शनी खिडकीतून हात हलवत राहिली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत. परतीच्या वाटेवर तिनं मला विचारलं, "आई, हुकमात 'पाण्यातून आणावं' असं लिहिलं असतं, तर तू मला पाण्यातून नेलं असतंस?"

मी तिला रागावले.

नोंद अशी आहे: २७ सप्टेंबर. वडील वेळेवर हजर. भेट नाही. कसूर आईची. तुम्हाला कोर्टात दाखवायची असेल तर दाखवा, खाली सही केली आहे. बुडालेला शनिवार कुठल्याही आठवड्यात भरून घ्या.

उज्वला


लोहा, १३ डिसेंबर २०२५

प्रियदर्शनीच्या पप्पांस,

आज वहीबरोबर एक कागद आहे. तो शेवटी बघा, आधी हे वाचा.

काल शाळेच्या अर्जासाठी हुकमाचा नंबर पाहिजे होता. वहीचं पहिलं पान उघडलं. परिच्छेद पाचच्या खाली, झेरॉक्सच्या समासात, पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं:

'५ अ. येळवस. पप्पाकडं. शेतात.'

अक्षर तिसरीतलं होतं. आता चौथीत तिचं अक्षर यापेक्षा पुष्कळ वळणदार आहे. मी हाक मारून विचारलं, "हे कधी लिहिलंस?" ती म्हणाली, "मागच्या येळवशीला. तुम्ही दोघं वाचताल म्हणून."

एक वर्ष, अंगदराव. दर पंधरा दिवसांनी ही वही तुमच्याकडं गेली आणि माझ्याकडं आली. आपल्याला दोघांना हुकूम इतका तोंडपाठ, की पहिलं पान कुणीच उलटलं नाही. पोरीनं योग्य ठिकाणी अर्ज दिला होता, योग्य परिच्छेदाच्या खाली, आणि दोन्ही पक्षकारांनी तो बघितलाच नाही. माझी पोरगी आहे ती, कागदाचं काम चोख करते. याचा मला आधी अभिमान वाटला. मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आता मागच्या वर्षीचं खरं सांगते. ३० डिसेंबरला तिचं पोट दुखत नव्हतं. दुपारी ड्यूटीवरून आले तर ती गच्चीवर होती. तुळशीच्या कुंडीजवळ पाच खडे चुन्यानं रंगवून मांडलेले, तुमचे पांडव. शेजारच्यांच्या म्हशीचा कडबा आणून त्याची गुडघ्याएवढी कोपी केलेली. माझा खाकी कोट घोंगडीसारखा पांघरला होता आणि तांब्यातलं पाणी शिंपडत, तुमच्या बाबांच्या आवाजात ओरडत ती कोपीभोवती फिरत होती. माझी आई हिमायतनगरची, तिला यातलं काही कळत नव्हतं, तरी पोरीनं सांगितलं म्हणून ती हात जोडून बसली होती. मी जिन्यातच थांबले आणि तशीच खाली आले. वहीत 'पोट दुखत होतं' असं लिहिलं.

यापेक्षा मोठं एक आहे. तेही लिहिते.

अटी ठरवायला आपण बसलो होतो तो दिवस आठवा. समुपदेशक बाईंनी विचारलं, "सण कोणकोणते लिहू?" तुम्ही बोटं मोजलीत. दिवाळी म्हणालात. दसरा-संक्रांत राहू द्या म्हणालात. बाईंनी पुन्हा विचारलं, "आणखी काही?" तुम्ही म्हणालात, "बस. एवढंच." तुमच्याकडच्या कुठल्याही माणसाला येळवस सांगावी लागते असं वाटतच नाही. ती काय कुणाला विचारून करायची असते? त्या दिवशी शेतात जायचंच, यात लिहिण्यासारखं काय! म्हणून तुम्ही विसरलात.

मी विसरले नव्हते.

नऊ वर्षं तुमच्या घरात मी पहाटे उठून भज्जीला तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे सोललेत. बाजरीचे उंडे वळलेत. आंबिलीची घागर डोक्यावर घेऊन चिंचपूर फाट्यावरून तुमच्या शेतापर्यंत गेले आहे. प्रियदर्शनी चाळीस दिवसांची असताना तुमच्या आईंनी तिला कोपीत पांडवांपुढं ठेवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "ही शेताची मालकीण हाय." बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत बसले. मनात म्हटलं, यांना नाही आठवत तर मी कशाला सांगू.

आणि मग वर्षभर 'हुकमात नाही, हुकमात नाही' म्हणून तुम्हाला सुनावत राहिले. हुकूम पाळल्याचा केवढा तोरा मिरवला मी! तो हुकूम माझ्या गप्प बसण्यानं अर्धा राहिला होता. साहेबांनी जे दिलं ते खरं दिलं. मी जे लपवलं ते माझं.

माफी मला नीट मागता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून सोबतचा कागद. ही पुरसीस आहे, म्हणजे दोघांच्या सहीनं कोर्टात द्यायचा कबुलीचा कागद: 'दरवर्षी येळवशीचा दिवस मुलगी वडिलांकडं राहील.' वकिलांकडून लिहून आणली, माझी सही केली आहे. तुम्ही करा, नांदेडला दाखल करू. हा कागद तुम्ही मागितला म्हणून नाही, मी आणला म्हणून आहे, हे ध्यानात ठेवा.

कागद मंजूर व्हायला वेळ लागेल आणि येळवस शुक्रवारी १९ तारखेलाच आहे. तेव्हा या वर्षी कागदाशिवाय. मी त्या दिवशी नांदेड-लातूर गाडी मागून घेतली आहे. शाळेत रजा सांगितली आहे. चिंचपूर फाट्यावर पोरीला उतरवीन. त्या फाट्याला थांबा नाही आणि थांबा नसलेल्या ठिकाणी मी आजवर कधी घंटी मारलेली नाही. संध्याकाळी पाचला परतीच्या गाडीत तिला घेईन. रात्र नाही, दिवस. एवढंच जमतंय मला.

पेन्सिलची ओळ मी खोडलेली नाही.

उज्वला


लोहा, २० डिसेंबर २०२५

प्रियदर्शनीच्या पप्पांस,

वही २७ तारखेला तुमच्याकडं येईल. तोवर थोडं इकडचं तिकडं होईल, म्हणून आजच लिहिते.

काल चाकूर सोडलं तेव्हा गाडीत पाच माणसं होती. शिवप्पा सकाळपासून कुरकुरत होते. "येळवशीला स्टिअरिंग धरायचं म्हंजी पाप हाय, बाई." फाटा जवळ आला, मी एक घंटी मारली. त्यांनी आरशात बघितलं.

"हितं थांबा न्हाई."

"आज आहे."

गाडी पुरती थांबायच्या आत प्रियदर्शनी दारात होती. पुढचं तुम्ही बघितलंच आहे. तुमच्या आई खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या, ते मात्र तुम्ही पोरीला कडेवर घ्यायच्या नादात बघितलं नसेल. दहा वर्षांची घोडी कुणी कडेवर घेतं का! कस्तुराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि डबा वर धरला. "उज्वला, खाली उतर म्हनत न्हाई म्या. तुजी ड्यूटी हाय, म्हाईत हाय मला. पर डबा तरी घे." तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. मी डबा घेतला. मग दोन घंट्या मारल्या.

लातूरच्या स्थानकात रिकाम्या गाडीत बसून मी आणि शिवप्पा जेवलो. भज्जीत मीठ जरा कमी होतं. माझ्या हातची भज्जी कस्तुराबाईंनी नऊ वर्षांत एकदाही चांगली म्हटली नाही, पण दर वर्षी दोनदा वाढून घ्यायच्या. मला ते तेव्हाही कळत होतं.

परतीला लातूरच्या बाहेर पडताच गाडी पंक्चर झाली. माझ्या कपाळात! शिवप्पा चाक बदलत होते आणि मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत घड्याळ बघत होते. पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच. तुम्ही पोरीला घेऊन उशिरा आलात तरी आता मला बोलायला जागा राहणार नाही, असं काहीतरी मनात येत होतं. तेच बरं, असंही वाटत होतं.

फाट्यावर आलो तेव्हा सहाला दहा कमी होते. तुम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे. तिच्या पाठीवर दप्तर, केस विंचरलेले, ओरडून ओरडून घसा बसलेला. हातात ज्वारीच्या कडब्याची पेंढी होती. अंधार पडला की पेटवून शेताभोवती फिरवायचा तो हेंडगा, अजून न पेटवलेला. लांब बांधावर तुमचे बाबा काडेपेटी घेऊन थांबले होते.

तुम्ही म्हणालात, "पाचला आणली व्हती. गाडी आली न्हाई, म्हून हितंच उबं राहिलो." आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

मी विचारलं, "हेंडगा?"

"दिवस बुडल्याबिगर पेटवत न्हाईत. हुकूम पाचचा हाय."

मी ज्याची कधी वाट बघितली नाही असा माणूस पन्नास मिनिटं माझी वाट बघत उभा होता. प्रियदर्शनीनं पेंढी तुमच्या हातात दिली आणि मुकाट पायरीवर पाय ठेवला. तिनं मला काही मागितलं नाही. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. शिस्तीची पोरगी. ही शिस्त माझीच आहे आणि काल ती मला बघवली नाही.

मी तिला म्हटलं, "उतर खाली. उद्या नेते."

तिला खरं वाटेना. तिनं विचारलं, "हुकमात हाय का?" मी म्हटलं, "आई सांगतेय." मग तिनं पेंढी तुमच्या हातातून हिसकावली आणि दप्तरासकट बांधाकडं पळत सुटली. तुम्ही माझ्याकडं बघत होता. तुम्ही काही बोलायच्या आत मी दोन घंट्या मारल्या, कारण गाडी आधीच उशिरा होती आणि माझा चेहरा तुम्ही बघावा असा नव्हता.

अहमदपूर येईपर्यंत दोन्ही बाजूंच्या शेतांतून हेंडगे पेटत होते. शिवप्पांनी गाडीतले दिवे घालवले, नियमात नसताना. म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीचा बी पेटला असंल आता." मी म्हटलं, "पेटलाच असणार. सगळ्यात पुढं पळत असेल ती." आणि मी सीटवर ताठ बसले, पहिल्या दिवशी बिल्ला लावून बसले होते तशी.

आज तिला घेऊन आले. केसांना धुराचा वास, तळहाताला काजळी, आणि चाकूरपासून लोह्यापर्यंत अख्ख्या गाडीला येळवस ऐकवली. कस्तुराबाईंनी कोपीत पाय ठेवला, हे तिनं चार वेळा सांगितलं. घरी आल्यावर मी वही काढली. पेन्सिलच्या ओळीवर तिच्यादेखत निळं पेन फिरवलं आणि खाली माझी सही केली. शेजारी तुमच्यासाठी जागा सोडली आहे.

नोंद:

१९ डिसेंबर. सोपवली: सकाळी ११.२०, चिंचपूर फाटा.

वडील वेळेवर हजर. आई पन्नास मिनिटं उशिरा.

२० डिसेंबर. परत घेतली: वेळ बघितली नाही.

उज्वला